काचेला टेकवलेली लग्नपत्रिका

शेवगावच्या स्टँडमागे तो फायटर मासे विकायचा. एकाच टाकीत काचा बसवून केलेले चार खण, प्रत्येकात एकच नर. शेजारी दिसला की ते भांडायला उठतात, म्हणून काचांना जुन्या लग्नपत्रिका टेकवलेल्या. संध्याकाळी मात्र तो पत्रिका दोन मिनिटं उचलायचा. मासे कल्ले फुगवून काचेवर धावून जायचे.

"कशाला चिडवता उगाच?" मी विचारलं.

"रोज जरा फुगाया पायजे. न्हाईतर सुस्त पडत्यात."

वाटणीत त्याच्या दुकानाच्या मधोमध पत्रा ठोकलेला होता. पलीकडे भाऊ पंक्चर काढायचा. तेवढ्यात पत्र्यावरून भावाचा काळाकुट्ट हात चहाचा कप घेऊन आला. मासेवाल्यानं घोट घेतला आणि पत्र्याकडे बघून ओरडला, "साखर न्हाई व्हय घरात?"

पलीकडून सणसणीत शिवी आली.

"झालं आमचं बी," म्हणत त्यानं हसत पत्रिका परत लावल्या.