फक्त दाव्यापुरता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय? फुकटचा रुबाब करणाऱ्या एका माणसाची गोष्ट — आणि तो माणूस मी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकजवळ माझ्या आत्याचा फुलांचा मळा होता. मळ्याच्या रस्त्यावरून शेजाऱ्याशी तिचा दावा चालू होता, आणि तो चालू असतानाच आत्या गेली. मूलबाळ नाही. तिचे दोन पुतणे मृत्युपत्रावरून एकमेकांच्या उरावर बसलेले. त्यांचं मिटेपर्यंत रस्त्याचा दावा बुडू नये म्हणून कोर्टानं तिसऱ्याच माणसाला नेमलं. मला. शाळामास्तर, म्हणजे निरुपद्रवी!

आत्याच्या वतीनं तो एक दावा चालवायचा, बस्स. मळा, घर, किल्ल्या — कशावरही माझा हक्क नव्हता. कागदात तसं स्पष्ट लिहिलं होतं. मी तो तीनदा वाचला होता, मग ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू?

मळ्यातल्या खोलीत जनाबाई राहायची. पेठ तालुक्याकडची, वीस वर्षं आत्याबरोबर फुलं तोडणारी. मरेपर्यंत इथंच राहा, असं आत्यानं तिला सांगून ठेवलं होतं. मी तोऱ्यात गेलो आणि किल्ल्या मागितल्या.

"नाय द्यायची," ती म्हणाली. "आक्कांनी माझ्याकडं दिल्यात."

चार मजुरांसमोर. मला — मास्तरला! एवढंच झालं होतं. हसू येतं ना? तेवढ्यावरून मी तो लाल शिक्क्याचा इंग्रजी कागद तिच्या नाकासमोर धरला आणि म्हणालो, कोर्टाचा हुकूम आहे, खोली खाली कर. तिला अक्षर येत नव्हतं. शिक्का मात्र कळला. दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून ती गावी गेली. पुतण्यांनी माझी पाठ थोपटली. ते हलकट होतेच, मी त्यांच्याहून हलकट.

मग दावा साक्षीला आला. वकिलांनी विचारलं, त्या रस्त्यानं इतकी वर्षं रोज ये-जा कोण करायचं? कोण असणार दुसरं? पेठला निरोप धाडला, तोही निर्लज्जपणे. आणि ती आली — आली हो! पिंजऱ्यात उभी राहून तिनं आत्यासाठी सरळ, खरी साक्ष दिली.

बाहेर आल्यावर तिनं मला गाठलं. "मास्तर, आता येऊ का खोलीवर? सायबाला इचारून सांगा ना."

विचारायचं कुणाला? कोर्टानं तिला काढलंच कुठं होतं? तेव्हा तरी — एक वाक्य पुरलं असतं. मी कँटीनमध्ये गेलो. उभ्यानं चहा प्यायलो. परत आलो आणि सांगितलं, साहेब नाही म्हणाले.

तिनं कोर्टाच्या इमारतीला हात जोडले आणि पेठच्या एसटीकडे निघाली.

दावा आम्ही जिंकलो, तिच्याच साक्षीवर. खोलीला माझं कुलूप होतं. आत काहीच नव्हतं.