मागे कुणीतरी आहे

नगरपालिकेच्या गॅरेजमध्ये त्यांना सगळे सावकाशराव म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. तीसेक वर्षं त्यांनी शववाहिका चालवली. नवीन ड्रायव्हर थट्टा करायचे, "मामा, मागच्याला धक्के थोडेच कळणार आहेत? हाणा की जोरात!" त्यावर सावकाशराव म्हणायचे, "तो तक्रार करणार नाही म्हणून काय वाटेल तशी हाणायची?"

त्यांची बायको पार्लर चालवायची. गल्लीच्या तोंडाशी एक खोली, दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि केसांच्या रंगाचा वास. "मिस्टर काय करतात?" असं कुणी विचारलं की ती सांगायची, "नगरपालिकेत ड्रायव्हर आहेत." एखादी खोदून विचारायची, "कोणती गाडी?" तेव्हा ही म्हणायची, "मोठी," आणि लगेच, "मान जरा पलीकडे करा हं." खरं कळलं असतं तर दुकानात कुत्रंही फिरकलं नसतं, अशी तिची खात्री होती. घरात तिचा एकच नियम होता: कामाचे कपडे गॅरेजमध्ये आणि कामाची गोष्टही गॅरेजमध्ये. सावकाशरावांनी तो पाळला. एखाद्या दिवशी मागे फार लहान कुणी असायचं, त्या संध्याकाळी ते गुपचूप जेवायचे. ती विचारायची नाही, ते सांगायचे नाहीत. संसार सुखाचा होता, पण त्यातली एक खोली कायम बंद होती.

ते निवृत्त झाले तेव्हा दोघांनी एक जुनी कॅम्पर गाडी घेतली. आत ओटा, चिमुकलं बेसिन, दोन गुडघे कसेबसे मावतील एवढं टेबल आणि मागे आडवा पलंग. बायकोनं खिडक्यांना पिवळे पडदे शिवले, नवऱ्याला फुलाफुलांचा शर्ट घेतला आणि बजावलं, "आता मागे आपलं घर आहे. निवांत चालवा, पण तशी नका चालवू."

"तशी म्हणजे कशी?"

"तुम्हाला बरोबर कळतंय."

पहिला आठवडा मजेत गेला. मनाला येईल तिथं थांबायचं, बाजार बघायचा, कुठं संग्रहालय, कुठं बाग, भूक लागली की बरं दिसेल ते हॉटेल. असं करत ते एका मोठ्या तळ्याच्या काठी आले. हंगाम संपला होता. कॅम्पच्या मैदानात त्यांचीच एक गाडी. काठावर होड्या पालथ्या घालून ठेवलेल्या, दुकानांची शटरं खाली, आणि पाणी असं निश्चल की कुणी काच अंथरून गेलं असावं. पाखरू दिसत नव्हतं. "किती शांत आहे नाही?" बायको म्हणाली आणि तिचं तिलाच वाटलं, आपण उगाच हळू आवाजात बोललो.

एकच हॉटेल उघडं होतं. एक मध्यमवयीन बाई ते एकटीच सांभाळत होती. स्वयंपाकही तिचा, वाढणंही तिचं. खिडकीजवळच्या टेबलाशी तिचे वडील बसले होते. वाळकं शरीर, दाढी वाढलेली, पांढरे केस भुरुभुरु उडालेले. सावकाशराव दारातून आत आले तसे म्हातारबुवांनी वर पाहिलं. ओळखीचं माणूस दिसल्यावर चेहरा उजळतो तसा त्यांचा चेहरा उजळला.

"आलात?" ते म्हणाले. "जरा थांबा हं. माझं अजून आवरायचंय."

सावकाशरावांनी मागे वळून पाहिलं, पण मागे बायकोशिवाय कुणी नव्हतं.

"बाबा, ते गिऱ्हाईक आहेत," मालकीण ओशाळून म्हणाली. "मनावर घेऊ नका हो. वय झालंय त्यांचं. कुणालाही काहीही म्हणतात."

"अहो, आमच्या घरीही एक आहेत असेच," बायको नवऱ्याकडे बघत हसून म्हणाली. भाजलेला मासा उत्तम होता, सूप गरम होतं. ती पोटभर जेवली. सावकाशराव माशाचे काटे नुसते बाजूला काढत राहिले. तीस वर्षं त्यांनी ज्यांना ज्यांना नेलं, त्यांपैकी एकानंही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. आणि हा माणूस पाहत होता, घर शोधत आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसा.

दुसऱ्या दिवशी दोघं होडीतून फिरायला गेली. होडीवाल्यानं तळ्याच्या मध्यावर इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "आता खाली बघा. धरण झालं तेव्हा गाव बुडालं. पाणी स्वच्छ असलं की दिसतं."

दिसत होतं. आधी नुसती हिरवी सावली, मग एका छपराची कड, मग सरळ जाणारा रस्ता. रस्त्याच्या कडेला दिव्याचा खांब उभा होता. एका घराचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून मासे आतबाहेर करत होते.

"माणसं?" बायकोनं विचारलं.

"माणसं गेली की वर. जाताना दारं मात्र कुणी लावली नाहीत." होडीवाला हसला. "लावून करायचं काय?"

बायकोनं होडीची कड घट्ट धरली. सावकाशरावांनी नजर वर घेतली ती थेट काठाकडे गेली. हॉटेलच्या पायरीवर म्हातारबुवा उभे होते. दाढी केली होती. इतक्या लांबूनही गाल गुळगुळीत दिसत होते. त्यांनी हात वर करून हलवला. बायकोनंही हात हलवला. "बघा, किती गोड आहेत बिचारे," ती म्हणाली. सावकाशरावांनी हात मांडीवरच ठेवला.

त्या दिवशी ते म्हणाले, "इथून निघू या आपण."

"का? अजून टेकडीवरची ती जागा राहिलीय. तिथून सगळं तळं दिसतं म्हणे."

का, ते त्यांना सांगता येईना. सांगायचं म्हणजे ती बंद खोली उघडावी लागली असती. "बरं, उद्या दुपारी जेवून ते बघू आणि पुढं जाऊ," एवढंच ते बोलले.

उद्याची दुपार लख्ख उन्हाची होती. हॉटेलात शिरले तर म्हातारबुवा कोट घालून बसलेले. बुटांना पॉलिश. समोरची बशी लख्ख पुसून खाल्लेली. मालकीण आनंदात होती. "आज बाबा किती दिवसांनी नीट जेवलेत! सकाळी स्वतःच कपाट उघडून कोट काढला."

म्हातारबुवा उठून सावकाशरावांच्या टेबलाशी आले. "माझं आवरलं," ते म्हणाले. "निघायचं ना?"

सावकाशरावांनी मेनूकार्ड उचलून चेहऱ्यासमोर धरलं. बायकोलाच म्हातारबुवांची कीव आली. तिनं नेहमीच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं लाडानं म्हटलं, "चला की, आजोबा! आमच्या गाडीत मागे ऐसपैस जागा आहे."

"ठाऊक आहे मला," म्हातारबुवा म्हणाले. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर ठेवला, आणि दाराबाहेर गेले. मुलगी हातातल्या बश्या सावरत आत वळली. ते रोज या वेळी काठावर चक्कर मारायचे.

नवराबायकोनं पुडिंग खाल्लं, कॉफी घेतली, मालकिणीचा निरोप घेतला आणि गाडी काढली.

मैदानाच्या फाटकातून बाहेर पडताच सावकाशरावांना कळलं. स्टिअरिंग तेच होतं, रस्ता तोच होता, पण वळणावर गाडीचं मागलं अंग जरा उशिरानं आलं. ब्रेकवर पाय ठेवला तर गाडी थांबली आणि मग मागचं वजन जरासं पुढं सरून थांबलं. ही जाणीव त्यांच्या तळहातांत इतकी वर्षं मुरली होती, की ती चुकणं शक्य नव्हतं. बायको शेजारी बसून पेरू खात होती. मागे कुणीतरी होतं.

मागे पाहायला त्यांनी आतल्या आरशात नजर टाकली नाही. कामावर असतानाही ते पाहत नसत. फक्त त्यांचा पाय आपोआप हलका झाला. गाडी संथ झाली, खड्डे चुकवू लागली, टेकडीची वळणं एकेक करून अलगद घेऊ लागली.

बायकोचं पेरू खाणं थांबलं. "अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तशी चालवताय."

"हो."

"का?"

टेकडीवरच्या मोकळ्या जागेत त्यांनी गाडी उभी केली. खाली सगळं तळं उन्हात पसरलं होतं आणि वाऱ्याचा मागमूस नव्हता. ते खाली उतरले, बाजूच्या दाराशी गेले. दार नुसतंच लोटलेलं होतं; कुलूप लावायचं दोघंही एकमेकांवर टाकून विसरली होती.

म्हातारबुवा पलंगावर उताणे निजले होते. बूट काढून खाली जोडीनं ठेवलेले. हात पोटावर. डोळे मिटलेले. सावकाशरावांनी त्यांच्या नाकाशी बोटं नेली, मानेवर ठेवली. करायचं म्हणून केलं. त्यांना फाटकापाशीच कळलं होतं.

"मी बोलावलं त्यांना," दारात उभी राहून बायको म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. "मी म्हटलं, चला की."

"तू नाही बोलावलंस. ते परवापासून निघाले होते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. भीती वाटत होती."

फोनला रेंज नव्हती. "त्यांच्या मुलीकडे परत नेऊ," सावकाशराव म्हणाले. "तू पुढं बस. मागे बघू नकोस."

बायको पुढं गेली, दरवाज्याच्या मुठीला हात लावला आणि तशीच उभी राहिली. मग परत फिरली. मागे चढली आणि पलंगाच्या कडेला बसली. "एकटं कसं न्यायचं त्यांना?" ती म्हणाली. "चला तुम्ही."

सावकाशरावांनी गाडी वळवली. उतारावर त्यांना मागून पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक बारीक, सरसर आवाज, थांबून थांबून येणारा. त्यांना तो कळेना. मागे कुणी असताना आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या आरशात पाहिलं. बायको आपल्या फणीनं म्हातारबुवांचे केस विंचरत होती. उडालेली बट ओली करून बसवत होती, भांग सरळ करत होती. आणि हलक्या आवाजात बोलत होती, "मान जरा अशी करू या हं... झालं, झालं..."

त्यांच्या अंगावर काटा आला. पण डोळेही भरून आले. दोन्ही एकदमच झालं, त्यामुळे त्यांना गाडी आणखी हळू करावी लागली.

हॉटेलच्या पायरीशी मालकीण बाहेर येऊन इकडंतिकडं पाहत होती. गाडी कशी येतेय ते पाहूनच तिनं तोंडावर हात ठेवला. सावकाशराव उतरून सांगू लागले, पण ती सरळ आत चढली. रडली, वडिलांच्या छातीवर डोकं टेकवून खूप वेळ रडली. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, झोपेत हृदय थांबलं म्हणाले. डॉक्टर गेल्यावर मालकीण डोळे पुसत म्हणाली, "केस किती छान बसवलेत. मला कधी हात लावू द्यायचे नाहीत."

मग तिनं सावकाशरावांकडे नीट पाहिलं. "एक विचारू? आम्ही आधी शहरात राहायचो. आई तिथंच गेली. तिला न्यायला जी गाडी आली होती, तिच्या ड्रायव्हरच्या शेजारी बाबा बसले होते. नंतर कितीतरी वर्षं म्हणायचे, रस्ता सगळा उखडलेला होता, पण त्या माणसानं तिचं डोकं हलू दिलं नाही. मला न्यायला तोच हवा." ती थांबली. "ते तुम्ही होता का?"

सावकाशरावांना आठवेना. शेजारी बसलेल्यांचे चेहरे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. ते रस्ता पाहायचे. "सांगता येत नाही, ताई," ते म्हणाले. सवयीनं त्यांनी बायकोकडे पाहिलं, आता काय सांगायचं असं विचारल्यासारखं.

"हे शववाहिका चालवायचे," बायको म्हणाली. स्वच्छ, मोठ्या आवाजात. "आयुष्यभर. सगळ्यांना असंच न्यायचे."

गावात शववाहिका नव्हती, ती लांबून यायची होती. मालकीण म्हणाली, तुम्हीच न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच नेलं. मुलगी पुढं बसली, बायको मागे. हॉटेलपासून दफनभूमीपर्यंत बंद दुकानांच्या वरच्या खिडक्या एकेक करून उघडत गेल्या. इतके दिवस आत माणसं होती हे दोघांना तेव्हा कळलं. कुणी बोललं नाही, कुणी खाली आलं नाही. नुसते चेहरे खिडक्यांत उभे राहिले आणि गाडी पुढं गेल्यावर पुन्हा आत गेले.

त्यानंतर दोघं घरी परततील असं सावकाशरावांना वाटलं होतं. पण बायकोनं नकाशा उघडला आणि पुढचं ठिकाण दाखवलं. वाटेत ती एकेक विचारू लागली. पहिलं कोण होतं? लहान मुलं असायची का? घरी येऊन जेवण कसं जायचं तुम्हाला? त्यांनी सांगितलं. काही ठिकाणी ती रडली, एका ठिकाणी दोघं पोट धरून हसली, आणि काही ठिकाणी तिनं "पुरे" म्हटलं तेव्हा ते थांबले.

समुद्राकाठी गाडी लावून दोघं जेवली. बायको म्हणाली, "मी जरा पडते." पलंगाची चादर तिनं धुऊन वाळवून तीच पुन्हा घातली होती, टाकून द्यायला नको म्हणाली होती. ती बरोबर मधोमध उताणी झोपली, हात पोटावर ठेवले आणि लगेच तिचा डोळा लागला.

सावकाशरावांनी घडीची खुर्ची उघड्या दारासमोर मांडली आणि कॉफीचा पेला घेऊन बसले. तिच्या अंगावरचा पातळ पंचा वर होत होता, खाली होत होता. मधेच एकदा तो खाली गेला आणि वर यायला जरासा वेळ लागला. ते अर्धे उठले. मग तो वर आला. कॉफी गार होऊन वर साय धरली तरी त्यांनी तोंडाला लावली नाही.

तासाभरानं तिनं डोळे उघडले. "काय बघताय एवढं?"

"काही नाही," ते म्हणाले. "समुद्र."

समुद्र त्यांच्या पाठीमागे होता.