जिला मी टीममधून काढलं

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत सत्कार झाला. देशाच्या संघातून फुटबॉल खेळून आलेल्या आमच्याच एका माजी विद्यार्थिनीचा. बॅनरवर तिच्या फोटोखाली, जरा बारीक अक्षरात, ‘प्रथम मार्गदर्शक’ म्हणून माझं नाव होतं. ते वाचलं आणि मला दरदरून घाम फुटला. मार्गदर्शन कसलं डोंबलाचं! मी तिला टीममधून काढलं होतं.

मी रत्नागिरीत खेळाची शिक्षिका आहे, पंचवीस वर्षं. माझं तोंड फटकळ, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मुली मला मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे, ते इथे लिहीत नाही. मुलींची टीम उभी करायची म्हणून आरे-वारेच्या रस्त्यावरच्या वाडीवाडीत जाऊन मी आईबापांच्या हातापाया पडले आहे, हेही आपलं सांगून ठेवते. म्हणजे बाई अगदीच वाईट आहे असं वाटायला नको. बघा, अजून स्वतःचीच बाजू मांडतेय.

ही मुलगी सड्यावरच्या वाडीतून यायची. सडा म्हणजे आमच्याकडचं उघडंबोडकं कातळाचं पठार. आठवीत होती, अंगाने काटकुळी. आलेला बॉल जमिनीवर पडूच द्यायची नाही. पायावर झेलायची, मग गुडघ्यावर, पुन्हा पायावर, आणि तसाच वरच्यावर पुढे. मला वाटलं, शायनिंग मारते. “बॉल खाली घे गो, खाली!” ओरडून ओरडून माझा घसा बसला. ती “हो बाई” म्हणायची आणि दुसऱ्या मिनिटाला तेच. शिवाय घसरून कधी कुणाचा बॉल काढायची नाही. आमच्या मैदानावर चांगलं गवत, तरी नाही. मी मनाशी पक्कं केलं की पोरगी दिखाऊ आहे आणि वर भित्री.

कोल्हापूरच्या स्पर्धेत आम्ही सपाटून मार खाल्ला. तिथल्या मुलींनी बॉल जमिनीवरून सरळ सरळ देत आम्हाला नुसतं नाचवलं. घाट उतरेपर्यंत माझं डोकं तापलेलं. सोमवारी मैदानावर सगळ्यांदेखत तिला म्हटलं, “तुला सर्कशीत जायचं असेल तर खुशाल जा. माझ्या टीममध्ये नको. जर्सी आणून दे.”

जर्सी घेऊन दुसऱ्या दिवशी तिची आई आली. धुऊन, नीट घडी घालून, पिशवीत ठेवलेली. म्हणाली, “बाई, काय चूक केलीन पोरीनं, तेवढी सांगा. घरात काय बोलत नाय ती.” मला पुढचा तास होता. मी म्हटलं, “तिच्या अंगात खेळ नाही. उगाच वेळ घालवू नका.” उभ्या उभ्या. बसा म्हणूनसुद्धा म्हटलं नाही. आई “बरं” म्हणाली आणि गेली.

पुढे मुलगी मामाकडे मुंबईला शिकायला गेली. तिथे एका प्रशिक्षकाने तिचा खेळ पाहिला. मग राज्याचा संघ, मग त्याच्या वर. एकदा टीव्हीवर तिची मॅच लागली होती आणि समालोचक तिच्या नेमक्या त्याच गोष्टीचं कौतुक करत होता, बॉल हवेतच ताब्यात घेण्याचं. मी टीव्ही बंद केला.

त्या रविवारी स्कूटर काढून तिच्या वाडीवर गेले. काय बघायचं होतं देव जाणे. सड्यावर चार-पाच मुली अनवाणी खेळत होत्या. कातळाला खाचखळगे, बॉल एकदा टेकला की कुठे उसळेल याचा भरवसा नाही. बहुतेक वेळा कडेच्या करवंदीच्या जाळीत. वाडीत बॉल एकच, काटा घुसला की खेळ संपला. म्हणून त्यांचा नियम असा, की जिने बॉल टेकवला ती बाद. आणि त्या कातळावर घसरायचं म्हणजे गुडघ्याची सालटं निघणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा जन्म रत्नागिरीत गेला, पण सड्यावर मी जायची ती पावसाळ्यात फुलं बघायला. अगो, तू असं का खेळतेस, एवढं विचारायला माझं काय जात होतं?

सत्काराला मी ठरवून गेले होते. माईक हातात आला की सगळं सांगून टाकायचं. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, हिऱ्याची पारख बाईंनाच. टाळ्या पडल्या. मी उठले, माईक घेतला आणि म्हटलं, “जिद्द तिची, मी फक्त निमित्त.” निमित्त! जीभ कशी झडली नाही माझी?

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी ती पाया पडायला वाकली. मी तिला दंडाला धरून उठवलं. “पाया नको पडू गो. मी तुला काढलं होतं. चुकलं माझं, फार चुकलं.” मला रडूच आलं. तिने माझा हात हातात घेतला. “जाऊ दे ना बाई. माझं काय वाईट झालं? मला मामाने नेलं.”

खरं सांगते, सुटले असंच वाटलं.

मग ती म्हणाली, बोलण्यात राग अजिबात नव्हता, “तिला मात्र कुणी नेलं नाही.”

“कुणाला?”

“त्या सोमवारी तुम्ही आम्हा दोघींना काढलंत ना. माझ्या शेजारच्या घरातली. माझ्यापेक्षा भारी खेळायची ती, मी तिचंच बघून शिकले. आता काजूच्या कारखान्यात जाते. आज ये म्हटलं होतं, नाही आली. आठवते ना तुम्हाला?”

“हो तर,” मी म्हटलं, “न आठवायला काय झालं?”

मला तिचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. नाव तर नाहीच. आणि हो म्हणून बसल्यावर विचारणार कोणत्या तोंडाने?

महिना झाला. मी अजून कुणालाच विचारलेलं नाही.