तलावातली बदकं फवारणीच्या विषानं मेली नव्हती

गुरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना, एका मे महिन्यात, चिखलीकडच्या एका तलावावर पक्षी मरत असल्याचा निरोप आला. तलाव आटून मधे डबकं उरलं होतं, भोवती सडका चिखल. बदकं, टिबुकल्या, शेकाट्या काठाला पडलेल्या. काही जिवंत होत्या. डोळे उघडे, पण मान उचलवत नव्हती.

उघड्या पडलेल्या गाळात एक जण दरवर्षी खरबुजं लावायचा. मी पोचलो तेव्हा तो मेलेले पक्षी पोत्यात भरत होता. बाजूला खड्डा खणलेला, जवळच त्याचा फवारणीचा पंप. एवढं पाहून माझा निकाल ठरला.

"हात लावू नको," मी ओरडलो. "पुरावा आहे हा."

"साहेब, सडून राह्यले. जित्या पाखरायले बाधन."

जमलेल्यांतला एक हसला. "काऊन बे, खरबुजाले औषध मारलं का बदकाले?"

तो चिडला नाही. काठावरच्या कुत्र्याकडे बोट दाखवून मला म्हणाला, "हे कुत्रं तीन दिवसांपासून हेच खाऊन राह्यलं. औषध असतं त जितं असतं का?"

"मला डॉक्टरकी शिकवू नको," मी म्हणालो.

कुत्रं धडधाकट होतं, मी पाहिलं होतं. पंचनाम्यात ते आलं नाही. 'विषबाधेचा संशय' हे शब्द मी सांगितले. वरचे साहेब येईपर्यंत एकही पक्षी हलवायचा नाही, हेही मीच. साहेब पाच दिवसांनी आले. तोवर मेलेल्यांत अळ्या पडल्या, त्या खायला पक्षी येत राहिले आणि तेही मान टाकत राहिले.

गावानं त्याला पुन्हा गाळात पाय ठेवू दिला नाही. त्याची खरबुजं वेलावरच फुटली.

तपासणीचा कागद पावसाळ्यात आला. कीटकनाशक सापडलं नव्हतं. बॉट्युलिझम लिहिलं होतं. पुस्तक काढून वाचलं. सडक्या चिखलात जंतू वाढतो, त्याचं विष अळ्यांत साठतं, अळ्या खाणारा पक्षी लुळा पडतो. कुत्र्याला सहसा काही होत नाही. मेलेले पक्षी लगेच उचलून पुरायचे असतात. तो तेच करत होता. मी कागद फाइलला लावला आणि फाइल कपाटात ठेवली. सांगितलं असतं तर चार माणसं मला हसली असती. तेवढंच.

यंदा तो वारल्याचं कळलं, तेव्हा त्याच्या घरी गेलो. कागदाची नक्कल त्याच्या बायकोला वाचून दाखवली.

"त्यायले काऊन नाही वाचून दाखवली, भाऊ?" तिनं विचारलं. नक्कल तिनं घेतली नाही.

मे महिन्यात त्याच तलावात पुन्हा पक्षी पडले. मी पोती घेऊन गेलो. काठावर उभ्या असलेल्यांना म्हटलं, उचला, पुरा लवकर.

"काका, मांगं एकानं उचलले होते," एक जण म्हणाला. "मरेपर्यंत बदकमाऱ्या म्हनत त्याले. आमाले नाही लागत ते नाव."

ते नाव त्याला माझ्यामुळे पडलं, हे मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढे कोणी आलं नाही. मी एकटाच चिखलात उतरलो. दुपारपर्यंत जेमतेम एक पोतं भरलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर आदल्या दिवसापेक्षा जास्त पडले होते, आणि जिवंत बदकं त्यांच्यामधूनच चरत होती.