चटका बसेपर्यंत

अक्कलकोट रस्त्याला, सोलापूर संपतं न संपतं तिथं फुलाबाईचं घर. पत्ता विचारायची गरज नाही. बिब्बेवाली मावशी म्हटलं की पानटपरीवालाही बोट दाखवतो. पायाला कुरूप झालं, तळव्याला घट्टे पडून टेकवेना झालं, की माणसं दवाखान्याआधी तिच्या ओट्यावर येतात, म्हणजे यायची. पायाच्या भोवरीला कुरूप हे नाव ज्यानं ठेवलं, त्यानं पाय बघूनच ठेवलं असावं.

तिची रीत ठरलेली होती. आधी मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवायचा. मग वजरीनं घासायचं, उरलेलं कातडं ब्लेडनं अलगद तासायचं. शेवटी सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायचा आणि तेल चुरचुरलं की कुरुपावर टेकवायचा. कधी थांबायचं? माणूस ओरडला की. "चटका बसला म्हंजे मुळाला पोचलं," असं तिची सासू सांगून गेली होती. शेजारची मदिनाबी तर पहिल्याच टेकीला "या अल्ला, सोड की गं!" म्हणून गल्ली गोळा करायची. फुलाबाई हसायची, हळद-तेल लावून चिंधी बांधायची. मदिनाबीचं कुरूप गेलं ते परत आलं नाही.

तिचा नवरा गुंडा. त्याचा जन्म मेंढरांमागं गेला. आता चारायला जागा कुठली? जिकडं बघावं तिकडं प्लॉट आणि तारेची कुंपणं. टॉवेलच्या कारखान्यात जाणारा मुलगा, कुमार, रोज एकच टुमणं लावायचा, "आबा, इकून टाका की मेंढरं."

"माजं पाय चालत्यात तवर मेंढरं हायत," गुंडा म्हणायचा. "पुढचं पुढं."

म्हणजे सगळं त्या पायांवर होतं, आणि हे फुलाबाईलाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून उन्हाळ्यात तो लंगडताना दिसला तेव्हा तिनं त्याला ओट्यावर बसवून पाय उलटा करून बघितला. अंगठ्याखाली हा एवढा घट्टा!

"दुखतंय का?"

"न्हाय की. चपलेत खडा शिरल्यागत वाटतंय, बास."

तिनं सगळं रीतीनं केलं. बिब्बा टेकवला. गुंडा आपला वळचणीकडं बघत बसलेला.

"बसला का चटका?"

"न्हाय."

पुन्हा टेकवला. कातडं काळं पडलं.

"अवो, आता?"

"न्हाय गं. लाव की, भितीस कशाला?"

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. मुळाला पोचतच नव्हतं! आणि ही भोळी बाई मदिनाबीला काय सांगते, तर "आमचं मालक लई घट्ट. हूं की चूं न्हाय." अभिमानानं सांगते! राग कुणावर काढावा तेच कळत नाही. तो तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा, सारखा लघवीला उठायचा. उन्हाचं असेल, असं दोघंही धरून चालली.

मग घरात वास यायला लागला. गुंडाला तो वास ओळखीचा होता. "एकाद्या मेंढराचं खूर सडलंय," तो म्हणाला. सकाळभर नवराबायको वाड्यात एकेक मेंढरू आडवं पाडून खुरं तपासत होती. ती मान धरायची, तो खूर उलटं करून हुंगायचा. एकही खूर खराब निघालं नाही. दमून तो दगडावर टेकला, आणि त्याच्या पायाची चिंधी ओली झालेली फुलाबाईला दिसली.

मोठ्या दवाखान्यात कोवळ्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तळव्याला टाचणी टोचली. गुंडा खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंनी पुन्हा टोचली. मग म्हणाल्या, "आजोबा, साखर आहे तुम्हाला. पायाची जाणीवच गेलीय. हे भाजलंय कशानं?"

"बिब्ब्यानं."

"कुणी लावला?"

फुलाबाईनं तोंड उघडलं, पण गुंडा आधी बोलला, "म्याच लावला. हिला ठावं न्हवतं."

उभ्या जन्मात तो तिच्यासाठी खोटं बोलला ते एवढंच. तिला ते त्या बिब्ब्यापेक्षा जास्त भाजलं.

गुडघ्याखालून पाय काढला. कुमारनं त्याच आठवड्यात मेंढरं विकली आणि ते बापाला सांगायचं काम आईवर टाकलं. ती रोज ठरवायची, आज सांगायचं. पदराशी चाळा करत खाटेशेजारी बसून राहायची.

एका दुपारी गुंडा झोपेतून दचकून उठला. त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. कपाळावर घाम होता, पण तोंडावर आनंद.

"फुले, भाजतंय गं! अंगठ्याखाली. बसला बग चटका!"

तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"मुळाला पोचलं," तो म्हणाला. "आता बरं हुतंय. उद्या सोडू मेंढरं."

चादर गुडघ्यापुढं सपाट होती. फुलाबाई खाली वाकली आणि त्या सपाट जागेवर फुंकर घालत राहिली.