शोभाताईंच्या फ्रीजमधले अंटार्क्टिकाचे कोळी

भिंतीला भिंत लागून असली की किस्से गोळा करायला जावं लागत नाही. विरजण मागायला गेलं तरी पदरात पडतात. या मे महिन्यात तर मला माझ्या घरात बसवेचना!

शोभाताईंनी विरजणासाठी फ्रीज उघडला, तर दुधामागे काळ्या मातीचे डबे!

"अहो, तुळशीची माती फ्रीजमध्ये?"

त्यांची लेक मनू धावत आली. "हात नका लावू, काकू! अंटार्क्टिकाची माती आहे. आत जिवंत कोळी आहेत."

जाळं विणणारे नव्हेत; खसखशीपेक्षा बारीक, आठ पायांचे माइट. बुरशी, शेवाळ खातात. लॅबचं कूलिंग बिघडलं म्हणून घरी आणलेले. ते मेले, तर मनूची पीएचडी गेली!

"आणि माझी कोथिंबीर?" शोभाताई म्हणाल्या. "उचल आधी ते किडे!"

*

मनूचे निफाडचे मामा आले. त्यांची द्राक्षबाग; तिथे कोळी म्हणजे कीड.

"कोळी? एक फवारा मारतो, परत नाव नाय घ्यायचे!"

मनू दोन्ही हात पसरून फ्रीजला टेकून उभी राहिली.

मामा जाताना मला म्हणाले, "आम्ही मारायला औषधं आणतो, अन् ही पाळायला पगार घेते!"

*

मला चैन कुठलं? विचारलंच, "बर्फात मरत कसे नाहीत गं?"

"थंडीआधी पोट रिकामं करतात, काकू. पोटात कण राहिला की त्याभोवती बर्फ धरतो."

"उपास करतात!" शोभाताई आतून म्हणाल्या. "चांगल्या घरचे दिसतात."

"आणि उकाड्यात?"

मनूने फ्रीजचं दार पुन्हा घट्ट दाबलं. "थंडी सोसतात, काकू. उकाडा नाही सोसत."

*

आणि भर दुपारी ट्रान्सफॉर्मर उडाला. फ्रीज बंद! मनू दारातून गॅलरीत, गॅलरीतून दारात. तिच्यामागे मी!

"कोपऱ्यावरच्या डेअरीत जनरेटर आहे!" मी ओरडले.

डबे उचलले कोणी? शोभाताईंनी! पदराखाली धरून अनवाणीच पळाल्या.

"काय आहे यात?" डेअरीवाला.

"लेकीचं आहे. ठेव गुपचूप!"

संध्याकाळी लाइट आली. मनूने चिमूटभर माती लॅबमधून आणलेल्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. काही हलेना. तिचे डोळे भरले, ती उठून आत गेली. तिच्या जागी शोभाताई बसल्या. भिंगावरून डोळा काढेनात. मला दम निघेना.

"अहो, दिसतंय का काही?"

त्यांनी मान न उचलता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. आत्ताच एक उठलाय!"