बहिणीच्या वाट्याची सुई

कुंजांगची खानावळ डोंगरातल्या कांगलुंग गावाच्या चढावर होती. आई गेली तेव्हा युदेन चालायलाही शिकली नव्हती. धाकट्या बहिणीला कुंजांगनेच पाठीला बांधून वाढवलं. आता युदेन पंचविशीची, शाळेत शिक्षिका, आणि कुंजांग चाळिशीला टेकलेली.

गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर आलं, तेव्हा दोघी बरोबरच गेल्या. आठवड्याने नर्स ल्हादेनने कुंजांगला एकटीला बोलावलं. गर्भाशयाच्या तोंडाशी विषाणू सापडला होता. तो शरीरसंबंधातून लागतो, हे ऐकल्यावर पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही.

नवरा रिंझिन ट्रक घेऊन सरहद्दीपर्यंत जायचा. संध्याकाळी तो जेवायला बसला, तर तिने ताट आपटलं.

"खाली सरहद्दीला कुणाकडे मुक्काम असतो तुझा?"

"कुणाकडे म्हणजे? ट्रकमध्ये झोपतो. काय झालं तुला?"

"मला नाही, स्वतःला विचार!"

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी युदेनने रडत बसलेल्या बहिणीकडून सगळं वदवून घेतलं. "आना, तू अर्धंच ऐकून आलीस. ऊठ, चल माझ्याबरोबर." थोरल्या बहिणीला ती आनाच म्हणायची.

ल्हादेनने दोघींना समोर बसवलं. "तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांत हा सापडतो, ताई. कधी लागला, कुणाकडून, ते कुणालाच सांगता येत नाही. वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. आणि हा काही कॅन्सर नव्हे; दुर्लक्ष केलं तर मात्र पुढे होऊ शकतो, म्हणून मोठ्या इस्पितळात तपासून घ्यायचं."

"मग हिला कसा नाही?"

"हिला शाळेत लस मिळाली. लस घेतलेल्या या वयाच्या मुलींत तो आता क्वचितच दिसतो."

कुंजांगला तो दिवस आठवला. सुईच्या भीतीने युदेन मक्याच्या शेतात लपली होती. कुंजांगनेच तिला कानाला धरून शाळेत नेलं होतं, आणि रात्री दंड दुखतो म्हणून अंडं उकडून भरवलं होतं.

"मला का नाही दिली तेव्हा?"

"फक्त शाळकरी वयाच्या मुलींना देत होते. तुमचं वय पुढं गेलं होतं."

बहीण वाचली याचं कुंजांगला बरं वाटत होतं, आणि आतून काहीतरी टोचतही होतं. युदेनने तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला नाही.

युदेनने रिंझिनलाही सगळं समजावून सांगितलं, आणि पुढच्या तपासणीसाठी मोंगारच्या इस्पितळात जायचं ठरलं. रिंझिनने माल उतरवून ट्रक रिकामा केला आणि तिला शेजारी बसवलं. वाटेत तो म्हणाला, "संशय आला तर आला. पण निदान पोटभर जेवू तरी द्यायचंस."

तिला हसू आलं, आणि मग रडू. माफी तिने मागितली नाही. मांडीवरच्या डब्यातला मक्याचा भात आणि चीज घातलेलं मिरचीचं कालवण त्याच्यापुढे उघडून ठेवलं, एवढंच.

गर्भाशयाच्या तोंडाशी थोड्या पेशी बिघडायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी तिथल्या तिथे त्या जाळून टाकल्या. पोटात चमका आल्या, कुंजांग थोडा वेळ पडून राहिली आणि त्याच दिवशी घरी आली. वर्षाने पुन्हा तपासलं, तेव्हा विषाणू सापडला नाही.

पुढच्या शिबिराच्या सकाळी शेजारीण झांगमो सुपारी चघळत दारात बसली होती. "मला काही झालेलं नाही. आणि लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्याबद्दल काय म्हणतात ते मला विचार," कुंजांगने चुलीवरचं भांडं उतरवलं. "चल, मीही येते. परतल्यावर चहा पाजते."

झांगमो कुरकुरत उठली.